डार्लाकडे गेलेली डबी

मार्लिस टॉलेफ्सरूडच्या तळघरात न दिसणारं एक कुंपण होतं. जिन्याच्या डाव्या हाताला तिचं राज्य: कपडे धुण्याचं यंत्र, चर्चच्या वेदीवरची पांढरी वस्त्रं वाळत घालायची दोरी, आणि भिंतीला लागून बीट, काकड्या, टोमॅटो, हरणाचं मांस यांच्या बरण्या. उजव्या हाताला नवऱ्याचं, व्हर्लिनचं: मेपलचं जाड टेबल, त्यावर लोखंडी प्रेस, आणि कॉफीच्या जुन्या डब्यांत भरून ठेवलेल्या पितळी पुंगळ्या. लग्न झाल्यापासून दोघांनी हे कुंपण पाळलं होतं. तो तिच्या बरणीला न विचारता हात लावायचा नाही, ती त्याच्या टेबलावरची धूळ पुसायची नाही. "धूळ राहू दे," तो म्हणायचा, "कुठली वस्तू कुठे आहे ते माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक आहे."

व्हर्लिन काडतुसं भरायचा. झाडून झालेली पुंगळी टाकून न देता तिला पुन्हा आकारात आणायचं, बुडात आघाताने पेटणारी नवी टोपी बसवायची, आत चिमूटभर बंदुकीची दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी दाबायची, हा उद्योग ते राहत त्या खोऱ्यात बऱ्याच तळघरांतून चालतो. बर्फ पडायला लागलं, शेतं झाकली गेली, की बायका रजया शिवायला घेतात आणि पुरुष काडतुसं भरायला. नियम मात्र सगळीकडे एकच. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही. सख्ख्या भावाचंसुद्धा नाही. गोळी एकदा दाबली की आत काय आहे ते देवाला माहीत आणि भरणाऱ्याला.

या नियमाला खोऱ्यात एकच अपवाद होता, आणि तो व्हर्लिन. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या तळघरात मंगळवारची नेमबाजी असली आणि कोणाची काडतुसं संपली, की "हे टॉलेफ्सरूडचं आहे" एवढं म्हटल्यावर लोक मुकाट्याने हात पुढे करायचे. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले होते, "व्हर्लिन, माझ्या प्रवचनावर या मंडळींचा इतका विश्वास असता तर!" मार्लिसला ते बोलणं फारसं रुचलं नव्हतं, पण घरी येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून हसली होती, हेही खरं.

तिला स्वतःला त्या खेळात रस नव्हता. बंदुकीची भीती नव्हे. बापाबरोबर ती लहानपणी हरणं मारायला जायची. पण तिचा दिवस निराळ्या गोष्टींनी भरलेला असे. पहाटे उठून पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा. मग चूल, पाव, धुणं. प्रभुभोजनाची वस्त्रं तीच धुवायची, आणि द्राक्षारसाचा डाग थंड पाण्यानेच जातो हे नव्या सुनांना तीच ठणकावून सांगायची. आणि दुपारचं जेवण. त्या बाबतीत ती फार कडक. ताटं मांडून झाली की ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून तळघरातल्या भट्टीच्या पाइपावर लोखंडी डाव ठोकायची, टण् टण्, आणि व्हर्लिन हातातलं असेल ते तसंच सोडून वर यायचा. कारण ती थांबत नसे. खुर्चीत बसायची, मान खाली घालायची आणि प्रार्थना सुरू करायची. "देवाला ताटकळत ठेवायचं आणि मग त्याच्याकडेच मागायचं, हे मला जमत नाही," असं तिचं म्हणणं. आमेनच्या आत नवरा खुर्चीत असला तर असला. तो नेहमी असायचा.

जुन्या प्रेसवर याने काही बिघडत नव्हतं. ती प्रेस एका वेळी एकच काम करायची. आज सगळ्या पुंगळ्यांना आकार, उद्या सगळ्यांना टोप्या. मग भोकं पाडलेल्या लाकडी फळीत सगळ्या ओळीने उभ्या करायच्या, एकेकीत दारू ओतायची, आणि शेवटी टॉर्च घेऊन साऱ्या फळीवरून सावकाश नजर फिरवायची. एखादी कोरडी राहिली असेल, किंवा एखादीत दोनदा पडली असेल, तर ती शेजारणींमध्ये लगेच उठून दिसे. मार्लिसने मधेच डाव ठोकला काय किंवा घराला आग लागली काय, टॉर्च फिरल्याशिवाय एकही गोळी दाबली जात नसे.

मग व्हर्लिनचा हात कापायला लागला.

डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. सूपचा चमचा तोंडापर्यंत पोचेपर्यंत रिकामा व्हायचा. त्याचं त्याला फार वाटलं नाही. वाटलं ते पुंगळ्यांचं. जुन्या प्रेसवर एकेक पुंगळी कितीदा तरी उचलायची, बसवायची, काढायची. त्या बोटांतून सुटायच्या, फरशीवर घरंगळत तिच्या धुण्याच्या यंत्राखाली जायच्या, आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस गुडघ्यांवर बसून झाडूच्या दांड्याने त्या बाहेर ओढायचा.

"माझ्या हद्दीत घुसखोरी चाललीय," ती वरून म्हणायची.

"तुझ्या हद्दीत केर किती आहे ते तरी कळलं," तो यंत्राखालून म्हणायचा.

मिनियापोलिसला राहणाऱ्या मुलाच्या, कर्टच्या, कानावर हे गेलं. नाताळात त्याच्याकडून एक खोकं आलं. पोस्टाच्या बाईला ते एकटीला उचलेना. ती पोस्टाची बाई म्हणजे व्हर्लिनची पुतणी डार्लाच. तिचा बाप, व्हर्लिनचा थोरला भाऊ, गेल्यापासून या घरात मुलीसारखीच वावरणारी. तिने खोकं दारातून आत ढकललं आणि म्हणाली, "कर्टने काय, नांगर पाठवलाय?"

आत फिरत्या डोक्याची प्रेस होती.

"हे तर मांस दळायचं यंत्र दिसतंय," मार्लिस म्हणाली.

"पुंगळी एका जागी बसते," व्हर्लिन कागद सोडवता सोडवता म्हणाला. "वरचं डोकं फिरतं. आकाराचा साचा, दारूचं माप, गोळी दाबायचा साचा, सगळं त्या डोक्यात बसवलेलं. एकदा पुंगळी ठेवली की काडतूस होऊनच उचलायची. मधे हात लावायला नको."

"म्हणजे दळायचंच यंत्र."

"तुझ्यापुढे बोलायची सोय नाही."

ती प्रेस बसवायला मार्लिसने पहिल्यांदा कुंपण ओलांडलं. एका हाताने पान्हा धरायचा आणि दुसऱ्याने नट, हे त्याला जमण्यासारखं उरलं नव्हतं. ती टेबलाखाली उताणी झोपली, तोंडात टॉर्च धरला, आणि मेपलला पाडलेल्या भोकांतून खाली आलेल्या बोल्टांना नट चढवले.

"घट्ट झालं?" वरून आवाज.

"माझी पाठ झाली. नटाचं तू बघ."

त्याने दांडा ओढला. टेबल पुढे डोललं. पुन्हा सगळं सोडवून खाली लोखंडी पट्टी घातली, टेबलाचा मागचा पाय भिंतीला जखडला, तेव्हा कुठे दांडा ओढल्यावर टेबल हललं नाही. मग साचे. दांडा खाली धरून ठेवायचा आणि साचा आट्यांवर फिरवत खाली आणायचा. टेकला की किंचित बेताने पुढे, आणि कडं आवळायचं.

"किती आवळू? लोणच्याच्या बरणीइतकं?"

"अगं नाही! बाळाच्या टोपडीची नाडी बांधतेस तितकं."

"बाळाला टोपडी बांधून जमाना झाला. आपलं आता टकलं झालंय ते."

यंत्राबरोबर एक पिळाची सळई होती. ती मधे बसवली की दांडा ओढताच डोकं आपोआप पुढच्या साच्यावर जायचं. व्हर्लिनने ती काढून खणात टाकली. "आपोआप फिरणारं मला नको. ते फिरलं हे माझ्या हाताला कळलं पाहिजे." मार्लिसला ते बोलणं त्याच्यासारखंच वाटलं, तिने वाद घातला नाही. पहिलं काडतूस तयार झालं तेव्हा त्याने ते तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरलं. तळहात थरथरत होता. काडतूस घरंगळलं, ते तिने हवेतच झेललं, आणि दोघंही लहान मुलांसारखी हसली. त्या रात्री जेवताना तिने देणगीबद्दल देवाचे आभार मानले, आणि देणाऱ्याच्या टकलालाही आशीर्वाद मागितला.

पुढचे काही दिवस तळघरातून दांड्याचा एकसारखा आवाज येत राहिला. व्हर्लिन वर यायचा तो शीळ घालत. शनिवारी डार्ला लेफ्से न्यायला आली. मार्लिसच्या हातच्या त्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांवर तिचा जन्मसिद्ध हक्क होता.

"व्हर्लिनकाका, नव्या यंत्रावरच्या काडतुसांची पहिली डबी कोणाची?"

"तुझीच. इतक्या गोळ्या वाया घालवणारं दुसरं आहे कोण?"

"मागच्या मंगळवारी गॉर्डीला हरवलं मी!"

"गॉर्डीला स्वतःच्या कोटाची गुंडी चुकीच्या काजात अडकलेली दिसत नाही. त्याला काय हरवायचं?"

डबी पिशवीत पडली, वर लेफ्सेची चळत, आणि डार्ला गेली.

सोमवारी मार्लिस वेदीची वस्त्रं भिजवायला खाली गेली. बादलीत पाणी पडत होतं, व्हर्लिन टेबलाशी होता, आणि ती सहज वळून त्याच्याकडे बघत राहिली. पुंगळी ठेवली, दांडा. डोकं हाताने फिरवलं, दांडा. पुन्हा फिरवलं, गोळी ठेवली, दांडा. एक काडतूस डब्यात. काहीतरी कमी आहे असं तिला वाटत होतं. सवयीच्या खोलीतून एखादी खुर्ची हलवल्यावर वाटतं तसं. बादली भरून वाहायला लागली तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं.

"टॉर्च कुठाय?"

"कसला टॉर्च?"

"फळीवरून फिरवायचास तो."

"फळीच नाही आता. इथल्या इथे डोकावतो, मग गोळी ठेवतो."

ती हात पुसत जवळ गेली आणि वाकली. पुंगळी त्या जड डोक्याच्या सावलीत बसलेली. निशाणाच्या कागदावर झाडायच्या या काडतुसांत दारू इतकी थोडी, की ती जेमतेम बूड झाकते. पुंगळी खोल. मार्लिसला आत अंधार दिसला, बाकी काही नाही.

"आणि मी डाव ठोकते तेव्हा?"

दांडा अर्ध्यावर थांबला. "तेव्हा काय? हातातलं पुरं करतो आणि येतो."

"नाही करत. शुक्रवारी माझा डाव पाइपावरून निघाला नव्हता, तेवढ्यात तू जिन्यात होतास."

"बरं, मग?"

"मग हातातलं कधी पुरं केलंस?"

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "खाली आलो, होतो तिथून पुढे सुरू केलं. मी कुठे होतो ते मला आठवत होतं. हात कापतात माझे, मार्लिस. बाकी सगळं जागेवर आहे."

इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर तिने या विद्येचं इतकं ऐकलं होतं, की कोणी तिला समजावून सांगायची गरज नव्हती. दारू दोनदा पडली असेल तर पिस्तूल हातातच फुटतं. पडलीच नसेल तर बुडातल्या टोपीचा जोर गोळीला नळीच्या मधोमध नेऊन सोडतो, आणि पाठोपाठ झाडलेली दुसरी गोळी तिच्यावर आदळते. शुक्रवारची काडतुसं शनिवारी डार्लाच्या पिशवीत गेली होती; दोन्हीकडून डार्लाचा हात, डार्लाचे डोळे. वजन करून पाहावं तर पुंगळ्यांच्याच वजनात इतका फरक, की चिमूटभर दारू त्यात सहज लपून जाते.

"डार्लाला फोन कर," ती म्हणाली.

"आणि काय सांगू?"

"डबी परत आण म्हणावं."

"उद्या सकाळपर्यंत खोऱ्यात गाजेल. पोस्टाची बाई आहे ती, प्रत्येक पेटीपाशी थांबते." त्याने दांडा पुरा खाली ओढला. "मी सांगतोय ना, ठीक आहेत म्हणून. माझ्या शब्दापेक्षा तुला तुझ्या डावाची खात्री जास्त?"

ती वर आली. वस्त्रं पाण्यातच राहिली. शास्त्र उघडलं, ओळी डोळ्यांखालून गेल्या. तिने प्रार्थना केली; पण उत्तर मागताना मधेच तिला टण् टण् ऐकू यायचं आणि पुढचे शब्द सुचायचे नाहीत. ज्या हाकेला ती देवाची वेळ म्हणत आली, त्याच हाकेने त्या माणसाला अर्ध्या कामावरून उठवलं होतं. जुन्या यंत्रावर चाललं, म्हणून नव्यावरही चालेल असं तिने धरलं; त्यानेही धरलं. प्रेस घट्ट बसवली, साचे नीट लावले. दोघांची जुनी सवय मात्र तशीच सैल राहिली.

मंगळवारी तिने व्हर्लिनदेखत डार्लाला फोन लावला. घरी कोणी उचलला नाही. डार्ला टपालाच्या फेरीवर. टेकड्यांत तिचा मोबाइल लागत नसे, आणि मंगळवारी ती पोस्टातून परस्पर हॉलवर जायची. संध्याकाळी व्हर्लिनने कोट घातला नाही.

"आज नाही जात. कंटाळा आलाय."

"मग मी जाते."

"कुठे?"

"माहीत आहे तुला कुठे."

तो खुर्चीतून उठला. "मार्लिस, तिथे चारचौघांत तू ती डबी मागितलीस, तर मी पुन्हा त्या हॉलची पायरी चढणार नाही. सांगून ठेवतो."

ती कोटाच्या गुंड्या लावत होती. शेवटची लागेना. "नको चढूस," ती म्हणाली. "पोरीचे दोन्ही हात धड राहू देत."

रस्ता गोठलेला होता. हॉलच्या दारातच तिला पायाखालून आवाज आले, रजईत गुंडाळल्यासारखे. ठप्. ठप्. सुरुवात झाली होती. ती कठडा धरून खाली उतरली. मधल्या काचेच्या भिंतीच्या अलीकडे कॉफीचा मोठा थर्मास, हरणाचं मांस घातलेल्या चिलीचं, म्हणजे तिखट रश्श्याचं, पातेलं आणि वाट बघणारे चार-पाच जण; काचेपलीकडे रांगेत उभे नेमबाज, त्यात डार्ला, कानांवर कवचं, हात सरळ पुढे. दारावर लाल दिवा. तो लागलेला असला की आत जायचं नाही.

"मार्लिस! तू?" गॉर्डी म्हणाला. जन्मभर गुरांची दलाली केलेला हा जाडा माणूस मंगळवारचा कारभार बघायचा. "आज व्हर्लिनने बदली पाठवली वाटतं! चिली खा, हरीण माझं आहे."

"थांबव, गॉर्डी."

"ही फेरी होऊ दे. थोड्याच गोळ्या राहिल्यात."

काचेपलीकडे डार्लाने पिस्तूल पुन्हा उचललं. ठप्. मार्लिसचे खांदे दचकून वर गेले. त्या तळघरात एक रीत आहे: कोणीही, अगदी झाडू मारायला आलेल्यानेही, "थांबा" म्हणून ओरडावं, पिस्तुलं खाली ठेवल्याशिवाय कोणी कारण विचारायचं नाही. मार्लिस चर्चमध्ये गाणीसुद्धा हळू म्हणायची. तिने भिंतीवरच्या बोलायच्या भोंग्याचं बटण दाबलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "थांबा!"

पिस्तुलं खाली टेकली. लाल दिवा विझला. माणसं कवचं काढत बाहेर आली आणि सगळी तिच्याकडे बघायला लागली.

"काय झालं, मार्लिसकाकू?" डार्ला धावत आली. "काकाला काही झालं का?"

"काका बरा आहे. ती डबी, शनिवारची. ती दे मला."

"का?"

आता सांगणं भाग होतं. "माझी चूक आहे," मार्लिस म्हणाली. "तो भरत होता आणि मी मधेच हाक मारली. जेवायला. एखाद्या काडतुसात दारू चुकली असेल. असेलच असं नाही. पण असेल."

डार्लाने पिस्तूल पुन्हा एकदा उघडून बघितलं, नळीतून उजेडाकडे पाहिलं, मग डबी आणून तिच्या हातात ठेवली. बरीचशी झाडून झाली होती. काही उरली होती. "काकू, मला फोन तरी करायचा," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

गॉर्डीने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "मार्लिस, आता व्हर्लिनला उपाशी ठेव. तरच आमचे जीव वाचतील." एक-दोघं हसले. मग त्याचं त्यालाच काहीतरी आठवलं. त्याने आपली पेटी उघडली, तळातून एक जुनी, कोपरे झिजलेली डबी काढली. झाकणावर व्हर्लिनच्या अक्षरातलं साल. ती त्याने टेबलावरून तिच्याकडे सरकवली. वाईट हेतूने नव्हे. दुधाचा कप पोराने सांडू नये म्हणून बाजूला करावा, तशी.

"हीही घेऊन जा. काय आहे, उगाच..."

"ही जुन्या यंत्राची आहेत, गॉर्डी. त्याचा हात चांगला होता तेव्हाची."

"हो गं. माहीत आहे मला." पण त्याने डबीवरचा हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला नाही.

घरी व्हर्लिन स्वयंपाकघरात दिवा लावून बसला होता. तिने दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या. त्याची नजर आधी डार्लाच्या डबीवर गेली, मग दुसरीवर. स्वतःचं अक्षर त्याने ओळखलं.

"ही कोणाची?"

"गॉर्डीची."

"मागितलीस?"

"नाही."

तो डब्या घेऊन तळघरात उतरला. ती मागोमाग गेली. आज तिला कोणी नको म्हटलं नाही.

काडतूस उघडायचा एक पोकळ हातोडा असतो. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. झटक्यासरशी गोळी सुटते, दारू आत सांडते. हे काम थरथरत्या हाताला जमतं. व्हर्लिन आपटत होता, मार्लिस दारू तराजूच्या पारड्यात ओतत होती. ठीक. पुढचं. ठीक. तिला भीती दोनदा पडलेल्याची होती. दर वेळी हातोड्यातून कणांची सरसर ऐकताना ती श्वास धरायची. ठीक. अशी बरीच झाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी परत यायला लागलं. तो तिला बोलायच्या बेतात असतानाच पुढचं काडतूस उघडलं आणि तिने हातोडा पारड्यावर उलटा केला.

गोळी पडली. दुसरं काही पडलं नाही.

तिने हातोडा ठोकला, आत बोट घालून पाहिलं. पुंगळी दिव्याशी धरली. कोरडी. आतून नव्यासारखी स्वच्छ.

व्हर्लिनने ती एकटी गोळी पारड्यातून उचलून टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "शुक्रवारचं?"

"असेल."

"तू म्हणालास, कुठे होतो ते आठवत होतं."

"नव्हतं आठवत." त्याने हातोडा खाली ठेवला. "खाली आलो. पुंगळी मापाखाली होती. दांडा ओढला होता की ओढायचा होता, काही केल्या कळेना. आत बघितलं, दिसेना. दोनदा पडली तर वाईट, असं वाटलं. म्हणून डोकं फिरवलं आणि गोळी ठेवली."

"अरे, पुंगळी काढून पालथी करायची होतीस! तिची ती दारू तुला दिसली असती."

"माहीत आहे."

"मग?"

"पालथी केली असती, तर मला आठवत नाही हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं." तो स्टुलावर बसला. "मी म्हटलं, आठवेल. गोळी दाबता दाबता आठवेल."

मार्लिसला डार्लाचा पांढरा चेहरा दिसला, आणि त्या क्षणी तिला नवऱ्याचा इतका राग आला की तिला टेबल धरावं लागलं. मेपल जराही हललं नाही. आपणच जखडलंय ते, हे आठवून तिला आणखीच भरून आलं.

तो उरलेली उघडत गेला. ती सगळी ठीक निघाली. शेवटी गॉर्डीची झिजलेली डबी राहिली. व्हर्लिनने तिचं झाकण उचललं, मिटलं.

"ही उत्तम आहेत," तो म्हणाला. "फळीत उभी करून टॉर्चने बघितलेली. प्रत्येक."

"मी सांगेन त्याला. परत देईन."

"कशाच्या जोरावर देशील? उघडल्याशिवाय त्याला पटणार नाही, आणि उघडल्यावर द्यायला काडतूस उरणार नाही." त्याने डबी बाजूला सारली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते एकमेकांत धरूनही थरथरत होते. पण ती आता त्या हातांकडे बघत नव्हती. शुक्रवारपासून, किंवा त्याच्याही आधीपासून, ती चुकीच्या जागीच बघत आली होती.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "असं आणखी कधी झालंय? या यंत्राशिवाय?"

वर फ्रिज सुरू झाल्याचा घरघराट आला.

"गिरणीवरून येताना," तो म्हणाला. "ऑक्टोबरात. ब्रेकेंच्या गोठ्यापाशी चौक आहे बघ. जन्मभर मी तिथून टँकर नेला. तिथे गाडी उभी केली आणि मला डावीकडे की उजवीकडे, ते कळेना. मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला. मी काच खाली करून त्याला पुढे जा म्हणालो, जसा काही मी गोठ्यातल्या गाई मोजायलाच थांबलो होतो."

"मग घरी कसा आलास?"

"त्या ट्रॅक्टरच्या मागे मागे गेलो. तो कुणाचा होता तेही ओळखलं नाही. त्या ट्रॅक्टरवाल्याच्या अंगणात शिरलो, तिथून आपलं चर्च दिसलं."

ऑक्टोबरात तो उशिरा आल्याचं तिला आठवलं. दाराशी उभी राहून ती त्याला बोलली होती, सूप गार झालं म्हणून. तो काही न बोलता सगळं प्याला होता.

मार्लिसने धुण्याच्या बाजूची पाटी आणून पालथी घातली आणि त्याच्यासमोर बसली. त्याचे हात तिने आपल्या हातांत घेतले नाहीत. त्याला ते आवडलं नसतं. तराजूचं पारडं तेवढं हलून सांडू नये म्हणून बाजूला केलं.

"आणि त्याच्या आधी?" तिने विचारलं.

तो जमिनीकडे बघत सांगायला लागला.